पिवळ्या गाडीचं ऑइल

"ये… ये… अजून ये… ये…"

हे मीच म्हणत होते, चांगलं मोठ्यानं, आणि स्टिअरिंग धरून बसलेली पण मीच होते. पोर्चमध्ये तिसरं कुणी नव्हतं. खरं तर दुसरंही नव्हतं.

गाडी होती आमच्या ह्यांची. दोनच सीटची, पिवळीधम्मक, जमिनीला पोट टेकेल इतकी बसकी परदेशी स्पोर्ट्स कार. इचलकरंजीच्या एका गिरणीवाल्यानं ठोकून टाकलेली ही गाडी ह्यांनी भंगाराच्या भावात उचलली आणि उद्यमनगरातल्या आपल्या लेथच्या शेडमध्ये दोन वर्षं खपून उभी केली. तेव्हापासून मी तिला सवत म्हणायचे. "सवतीला अंघोळ घातली का?" असं विचारलं की हे खुशीत हसायचे. नवऱ्याचं नाव मी कधी घेतलं नाही, पण सांगायचं म्हणून सांगते, दौलतराव इंगवले. अख्ख्या राजारामपुरीत ह्यांना पिवळ्या गाडीवाले इंगवले म्हणूनच ओळखायचे.

त्या गाडीला ह्यांनी कधी परका हात लागू दिला नाही. दरवर्षी खंडेनवमीच्या आदल्या दिवशी तिचं ऑइल स्वतः बदलायचे. दुसऱ्या दिवशी पाने, हातोड्या, सगळी हत्यारं पूजेला बसायची, मग दसरा होईस्तोवर त्यांना हात लावायचा नाही. म्हणून काम आदल्या दिवशीच. गाडी इतकी बसकी की खाली मांजर शिरायचं मुश्कील. तेव्हा पुढची चाकं दोन लाकडी चढांवर चढवायची आणि मग खाली सरपटायचं. गाडीचं नाक हे एवढं लांब, चालवणाऱ्याला चाक कुठवर आलं ते दिसतच नाही. जरा पुढं गेली की धाडकन खाली. म्हणून समोर उभं राहून "ये, ये, बास!" म्हणणारं एक माणूस लागतंच. इतकी वर्षं ते माणूस मी होते.

आणि आता मी आत होते. समोर घराची भिंत.

काय करणार! वीतभर पुढं घ्यायची, हँडब्रेक ओढायचा, दार उघडून त्या खड्ड्यातल्या सीटमधून गुडघे धरत बाहेर यायचं, वाकून चाक बघायचं, परत आत जाऊन पडायचं. ह्यांचा जुना खाकी शर्ट घातला होता मी, सलवारीवर. कुणी बघितलं असतं तर म्हणाले असते, इंगवलेबाई खुळावल्या. शेवटी चाकं बरोबर वर बसली तेव्हा मीच मला "बास!" म्हटलं आणि तशीच स्टिअरिंगवर डोकं टेकून बसले. घामानं नुसती निथळत होते.

हा सगळा उद्योग कशापायी, तर पैजेपायी.

हे त्याच वर्षी माघात गेले, बसल्या बसल्या. मुलगा सत्यजित मस्कतला नोकरीला. दिवसकार्य झालं, तो परत गेला, आणि तेव्हापासून रोज संध्याकाळी त्याचा फोन. "आई, कशी आहेस?" "मजेत. तू कसा आहेस?" "मजेत." "जेवलास?" "हो, मगाशीच." एवढं झालं की मूळ मुद्दा. गाडी विक, मग घर विकू, आणि तू इकडं ये. एकटी काय करणार आहेस तिथं? सूनबाई दोन वर्षांपूर्वी पुण्याला माहेरी निघून गेली होती ती परत आलीच नव्हती. त्यावर तो बोलायचा नाही, मी विचारायची नाही. पण मला शिकवायला हा पुढं!

मी म्हटलं, "मला काय धाड भरलीय? सगळं येतं मला."

"गाडीचं काय करशील? उभ्या उभ्या सडेल. बाबा होते तोवर ठीक होतं. तुला साधं ऑइल तरी बदलता येईल का तिचं?"

"येईल."

"मेकॅनिक न बोलावता?"

"आपला हात जगन्नाथ."

तो हसला. मग म्हणाला, "बरं. दसऱ्याच्या आत तू स्वतःच्या हातानं तिचं ऑइल बदललंस आणि गाडी चालू झाली, तर परत विषय काढणार नाही. राहा खुशाल तिथं. नाहीतर दसऱ्याला बेळगावचे नेवगी येतील, ते गाडी घेऊन जातील, आणि दिवाळीनंतर तू माझ्याकडं. कबूल?"

"कबूल," मी म्हटलं. उंबऱ्याबाहेर काढायला निघाला होता मला, माझ्याच घरातून. पोटचा पोरगा असला म्हणून काय झालं?

तर खंडेनवमीच्या आदल्या दिवशी सकाळी मी मागच्या चाकांना विटा लावल्या, ह्यांचं पोतं काढलं आणि ह्यांच्याच जागेवर अंथरलं. जागा शोधायला लागली नाही. ड्रायव्हरच्या दाराजवळ फरशीवर टाचा घासून घासून दोन फिकट डाग पडले होते. गाडीच्या नाकाकडं डोकं करून हे खाली सरपटले की एवढे दोन पायच बाहेर राहायचे. मी शेजारी पाट टाकून बसायची, चहाचा कप घेऊन, आणि त्या पायांशी बोलायची. ऑइल बदलणं म्हणजे काय, तर मला ठाऊक होतं एवढंच, दोन पाय आणि आतून येणारा आवाज.

मी पोत्यावर आडवी झाले, त्या दोन डागांवर टाचा ठेवल्या आणि आत सरकले. वर बघितलं तर सगळा काळा लोखंडी पसारा. पण डोळ्यांसमोरच एक मोठा बोल्ट दिसला. पाना लागला बरोबर. जोर लावला, एकदा, दोनदा, आणि फिरला की हो! खाली टब सरकवला तेवढ्यात धार लागली.

सोनेरी धार. मधासारखी.

मला वाटलं होतं काळंभोर काहीतरी येईल. ऑइल काळं होतं एवढं मी ऐकून होते. आणि हे असं स्वच्छ! गेल्या दसऱ्याला ह्यांनी घातलेलं, जसंच्या तसं. मी तिथंच पडल्या पडल्या रडायला लागले. म्हटलं, माणूस जाताना सुद्धा सगळं नीटनेटकं करून गेला.

"वहिनी! इंगवले वहिनी!"

टबाच्या पलीकडं दोन तांबडे, चकचकीत पॉलिश केलेले बूट येऊन उभे राहिले होते.

"कोण आहे?" मी नाक पुसत आतूनच विचारलं.

"मी नेवगी. बेळगावहून आलोय."

"तुम्ही दसऱ्याला येणार होता न्हवं?"

"होय की. पण म्हटलं कोल्हापुरात काम आहेच, तर आधी नुसती बघून जावी. तुम्ही खाली काय करताय हो?"

"भाकरी थापतेय."

बूट जरा मागं सरकले. मी बाहेर आले. पासष्टीचा, गोरा, किडकिडीत माणूस होता. घड्याळांचं दुकान मुलाच्या हवाली करून जुन्या गाड्यांच्या नादाला लागलेला. माझा अवतार बघून बिचारा नजर कुठं ठेवावी ते न कळून गाडीकडंच बघत राहिला.

"गाडी विकायची नाही," मी आधीच सांगून टाकलं. "ऑइल बदलतेय मी. पैज आहे मुलाशी. तुम्ही हात लावायचा नाही, नाहीतर तो म्हणेल मदत घेतली."

"नाही लावत," नेवगी म्हणाले. "बघू तरी शकतो?"

"बघा की. हे बघा." मी टब पुढं ओढला. मला कुणालातरी दाखवायचंच होतं, आणि घरात होतं कोण? "किती स्वच्छ आहे बघा. आमच्या ह्यांनी गेल्या वर्षी बदललेलं. असं काम होतं त्यांचं."

नेवगी उकिडवे बसले. बोट बुडवलं, अंगठ्यावर चोळलं, नाकाशी नेलं. मग चष्मा काढून उगाच पुसत बसले.

"काय झालं?"

"वहिनी, हे इंजिनचं ऑइल नव्हे."

"मग काय, खोबरेल आहे?"

"गिअरबॉक्सचं आहे. वास घेऊन बघा. हा असला उग्र वास इंजिनच्या ऑइलला नसतो. आणि हे वर्षानुवर्षं असंच राहतं, काळं पडत नाही." ते वाकून गाडीखाली डोकावले. "इंजिनचा बोल्ट अजून पुढं आहे. हा मागचा उघडलाय तुम्ही."

"असं कसं? हे इथंच तर झोपायचे! टाचा इथं असायच्या!"

"उंची किती होती साहेबांची?"

माझा हात आपोआप वर गेला, दाखवायला. आणि तसाच राहिला. हे सहा फुटांच्या वर, ताडमाड. मी त्यांच्या खांद्यालाही लागत नव्हते. त्यांच्या टाचांवर टाचा ठेवून मी झोपले होते, आणि त्यांचा हात जिथं पोचायचा तिथून मी चांगली हातभर अलीकडं होते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. हसू पण आलं आणि रडू पण.

"बरं झालं नवीन ऑइल ओतलं नव्हतंत," नेवगी म्हणाले. "इंजिनात दुप्पट झालं असतं आणि गिअरबॉक्स कोरडा. पन्हाळ्याची निम्मी वाट पण चढली नसती ती. घाबरू नका. गिअरचं ऑइल मी आणतो उद्यमनगरातून, भरायचं कसं ते सांगतो. तुम्ही आधी तो बोल्ट परत बसवा आणि पुढचा उघडा. आत सरका अजून."

मागचा बोल्ट बसवला, टब रिकामा करून घेतला आणि पुढं सरकले. ह्या वेळी माझे पायही बाहेर राहिले नाहीत, टाचांसकट सगळी आत. खाली अंधार होता आणि एकटं वाटत होतं. लहानपणी पलंगाखाली लपून बसावं आणि कुणी शोधायलाच येऊ नये, तसं.

पुढचा बोल्ट दिसेचना. बोटांनी चाचपला तेव्हा कळलं, त्याच्यावर धुळीचा आणि तेलाचा जाड लेप बसलाय. तो पान्याच्या टोकानं खरवडून काढला. पाना लावला आणि ओढला, तर ढिम्म. दोन्ही हातांनी लोंबकळले, तरी ढिम्म.

"पान्याला पाइप लावा. जोर वाढतो," बाहेरून आवाज आला.

कोपऱ्यातल्या पंपाची पोकळ दांडी पान्याला लावली. दात खाऊन ओढली. कर्रर्र करून बोल्ट फिरला, आणि जे काही बाहेर आलं ते पडतच नव्हतं, ओघळत होतं. डांबर. काळंकुट्ट, दाट, हाताला चिकटणारं डांबर.

मी बाहेर येऊन टब त्यांच्यापुढं ठेवला.

"हे शेवटचं कधी बदललंय?" त्यांनी विचारलं.

"सांगितलं की. गेल्या दसऱ्याला. त्याच्या आदल्या दसऱ्याला पण. दरवर्षी."

नेवगींनी वाकून टबात परत एकदा बघितलं.

"काय?"

"नाही वहिनी. दोन-तीन वर्षं तरी हा बोल्ट उघडलेला नाही."

"उचलली जीभ लावली टाळ्याला!" मी एकदम उसळले. "मी इथं बसले होते, ह्या पाटावर! गाडी वर चढवताना मी 'बास' म्हटलंय! हे तास-दीड तास खाली होते. मी काय झोपले होते का? तुम्हाला गाडी पाडून मागायची असेल, तर सरळ…"

"तुम्ही विकतच नाही म्हणालात," ते हळूच म्हणाले. "मी कशाला पाडून मागू?"

तेही खरंच होतं. मी पाटावर बसले. हातांकडं बघितलं. कोपरापर्यंत काळे झाले होते, नखांत गेलेलं, शर्टावर सांडलेलं, रेघांरेघांत भरलेलं.

आणि मला ह्यांचे हात आठवले.

पूर्वी हे खालून बाहेर आले की हात असेच असायचे. रॉकेल लाव, राख लाव, साबण लाव, आणि तरी दुसऱ्या दिवशीच्या पूजेला नखं काळीच. मी बडबडायची, अशा हातांनी देवीला फूल वाहणार का म्हणून. मागच्या दोन वर्षी मात्र हात स्वच्छ होते. मी वर कौतुक केलं होतं! म्हटलं होतं, "साठी उलटल्यावर का होईना, न बरबटता काम करायला शिकलात." तेव्हा हे हसले होते आणि म्हणाले होते, "शिकलो बाई एकदाचा."

हे गेल्यावर डॉक्टर मला म्हणाले होते, हृदयाचं दुखणं जुनं होतं, जोराचं काम करायचं नाही असं बजावलं होतं, तुम्हाला बोलले नाहीत का? मी म्हटलं होतं, बोलले असते तर. त्या वेळी ते ऐकलं आणि रडण्यात बुडून गेलं. आता त्या टबासमोर बसल्यावर एकेक गोष्ट जागेवर बसायला लागली. पूर्वी दर दसऱ्याला मला घेऊन पन्हाळ्याला जायचे, ते बंद केलं होतं, म्हणे पेट्रोल परवडत नाही. गाडी नुसती गल्लीच्या टोकापर्यंत नेऊन आणायचे. गाडी मेकॅनिकला दिली असती तर मी विचारलं असतं, का? म्हणून दिली नाही. बोल्ट तर फिरत नव्हता, तेवढा जोर अंगात राहिला नव्हता. मग हा माणूस दोन वर्षं, खंडेनवमीच्या आदल्या दिवशी, माझ्यासमोर गाडी वर चढवून, खाली जाऊन करत काय होता?

पडून होता. दुसरं काय?

पडून होता आणि बोलत होता. तेही आठवलं. आधीच्या वर्षांत खालून आवाज यायचा तो फक्त "टब दे", "फडकं दे", "दिवा इकडं कर". ह्या दोन वर्षी मात्र हे मला प्रश्न विचारायचे. गडहिंग्लजला तुमच्या घरामागं विहीर होती ती बुजवली का गं? तुझी ती चुलत बहीण, शाळेत पळायला पहिली यायची, ती कुठं असते? तुला गाणं शिकायचं होतं ना, मग राहिलं कसं? जन्मात ज्या माणसानं मला असलं काही विचारलं नाही, तो गाडीखालून विचारत होता, आणि मी पाटावर बसून भरभरून सांगत होते. चहा निवून जायचा. मला वाटायचं, काम करता करता वेळ जावा म्हणून विचारतात.

"वहिनी, पाणी आणू?" नेवगींनी विचारलं.

"हृदयाचं दुखणं आहे असं बोलले असते तर मी काय गाडी विकली असती?" मी म्हटलं. त्यांनाच म्हटलं, दुसरं होतं कोण? "मी केलं असतं की ऑइल. सांगितलं असतं तसं केलं असतं. एवढी काय चोरी माझ्यापासून?"

"बायकोला सांगणं अवघड असतं," ते म्हणाले. "एकदा सांगितलं की आपण आजारीच होतो."

ते गिअरचं ऑइल आणायला गेले. मी तिथंच बसून राहिले. मला ह्यांचा राग आला होता, खरंच सांगते, गेल्यापासून पहिल्यांदा. आणि त्या रागाखाली एवढी त्यांची आठवण आली की छाती दुखायला लागली. आठ महिने मी सगळ्यांना मजेत मजेत म्हणत हिंडत होते. शेजारी, वन्सं, सत्या, भाजीवाली, कुणी विचारलं की मजेत. रात्री टीव्ही चालू ठेवून झोपायची मी, घरात माणसाचा आवाज असावा म्हणून.

पुढचं काम मी केलं. नेवगी सांगत गेले, मी करत गेले, आणि शब्द पाळून त्यांनी पान्याला बोटसुद्धा लावलं नाही. जुना फिल्टर ह्यांचा चामडी पट्टा आवळून फिरवला तेव्हा निघाला. नवा बसवला. गिअरचं ऑइल बाटलीला नळी लावून बाजूच्या भोकातून भरलं, परत बाहेर सांडेस्तोवर. इंजिनात नवं ओतलं. मग गाडी चढावरून मागं उतरवली आणि चालू केली. चालू झाली. थोडा वेळ खडखडली आणि मग असा आवाज आला, गुरगुरणारा, भरदार, की नेवगी एकदम टाळ्याच वाजवायला लागले.

"जिंकलात की हो वहिनी!"

चहा-पोहे करून घातले त्यांना. जाताना पोर्चमध्ये थांबून म्हणाले, "कधी विकायची झाली तर मला सांगा. आणि नाही झाली तर पुढच्या वर्षी ऑइलला बोलवा. नुसता बसेन." भला माणूस. त्यानंतर दरवर्षी येतो.

दिवेलागणीला फोन वाजला.

"आई, कशी आहेस? काय झालं पैजेचं?" सत्याच्या आवाजात हसू होतं. त्याची खात्रीच होती.

"झाली चालू."

"काय सांगतेस! तू केलंस? स्वतः?"

"स्वतः. कोपरापर्यंत काळी झालेय. अजून नखं निघालेली नाहीत."

तो म्हणाला, "बरं. मग… शब्द दिलाय मी. परत विषय काढणार नाही. राहा तू तिथं." हसू गेलं होतं आवाजातलं. मला वाटलं होतं मला उड्या माराव्याशा वाटतील. घर राहिलं, गाडी राहिली, मी राहिले. फोनची वायर बोटाला गुंडाळत मी नुसती उभी होते.

"सत्या," मी म्हटलं, "तुझ्या बाबांनी शेवटची दोन वर्षं ऑइल बदललंच नव्हतं. त्यांच्याच्यानं होत नव्हतं. खाली जाऊन पडून राहायचे, मला कळू नये म्हणून."

"काय?"

"पडून राहायचे आणि माझ्याशी बोलायचे. मला कळलंच नाही रे. मी पाटावर बसून मजेत चहा पीत होते."

मी बोटाची वायर सोडवली.

"तू विषय बंद केलास, पण मीच काढते," मी म्हटलं. "गाडीचं मला सगळं जमतं. घराचं जमतं. एकटं राहायचं तेवढं नाही जमत. मी रोज तुला मजेत म्हणते ना, ते खोटं आहे."

फोन कट झाला की काय म्हणून मी दोनदा हॅलो हॅलो केलं.

"सत्या? जेवलास का रे?"

"नाही," तो म्हणाला. आवाज लहानपणीसारखा झाला होता. "रोज नाही जेवत मी, आई. एकट्यासाठी करावंसंच वाटत नाही. तुला इकडं बोलवत होतो ते तुझ्यासाठी नव्हतं."

मी भिंतीला टेकले. एवढे महिने मी ह्या पोराशी भांडत होते, घरातून काढतोय म्हणून.

"आधी भात टाक," मी म्हटलं. "मी फोन धरून बसते. शिजेस्तोवर बोल माझ्याशी."

आणि तो उठला. पलीकडं भांड्याचा आवाज झाला, नळ सुटला, आणि मग तिथून, स्वयंपाकघरातूनच, ओरडून त्यानं विचारलं, "आई, एका माणसाला पाणी किती घालायचं गं?"

"दोघांचं घाल," मी म्हटलं. "सवय कर. दिवाळीला तू येतोयस, आणि परत जायचं की नाही ते इथं आल्यावर बघू."

"बघायचं काय त्यात? सामान घेऊनच येतो," सत्या म्हणाला.